टोपल्यांत काय उरलं?

आजचा शास्त्रभाग : मार्क ६:३५-४४

प्रियांनो, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. आज मी तिच्यातल्या तीन गोष्टींवर मनन करत आहे, आणि त्यासाठी आपण आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात जाऊ या.

१) प्रभू आधी पाहायला लावतो.
शिष्यांनी लगेच दोनशे दिनारांचा हिशेब मांडला. प्रभूने मात्र त्यांना आपल्यापाशी काय आहे ते बघून यायला सांगितलं. १९९१ साली ॲन कॉटन ही ब्रिटिश स्त्री मोला या खेड्यात गेली. मुली शाळेत का येत नाहीत, हे तिला समजून घ्यायचं होतं. बाहेरचे लोक म्हणत, त्यांची रीतच तशी, आईबापांनाच मुली शिकलेल्या नकोत. तिने गावकऱ्यांनाच विचारलं तेव्हा वेगळंच कळलं. इच्छा होती, पण फीला पैसे नव्हते. एकाच लेकराची फी परवडत असेल तर मुलाला पाठवायचे, कारण पुढे नोकरी त्यालाच मिळायची शक्यता जास्त. दोन मुली तर फी कमी म्हणून सुमारे १०० किलोमीटर चालत त्या शाळेला आल्या होत्या! गरिबाच्या मनाला दोष देणं सोपं असतं. त्याला विचारायला मात्र त्याच्या दारी जावं लागतं.

२) प्रभू थोडक्यापासून सुरुवात करतो.
ॲनने केंब्रिजच्या बाजारात घरी केलेले केक विकून पैसे जमवले. १९९३ मध्ये ‘कॅमफेड’ संस्था उभी राहिली, तेव्हा मदत मिळालेल्या मुली होत्या फक्त ३२. एवढ्या मोठ्या खंडात ३२ म्हणजे काय? पण त्या ३२ जणींच्या घरी जाऊन हा प्रश्न कोण विचारील?

३) जे उरतं ते गोळा होतं.
मला सर्वांत जास्त हीच गोष्ट भिडते. सगळे जेवले, तरी बारा टोपल्या भरल्या. १९९८ साली शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी स्वतःचं मंडळ काढलं आणि मागून येणाऱ्या मुलींना हात दिला. पहिल्या ३२ मधली अँजेलिन मुरिमिर्वा पुढे त्याच संस्थेची प्रमुख झाली. त्यांच्यातल्या काही जणींना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि व्याजाऐवजी त्या गावच्या शाळेत मुलांसाठी आपला वेळ देतात. ही काही मिशनरी संस्था नाही, तरी टोपल्यांचा अर्थ मला तिच्याकडे पाहून उमगतो. घेणारा हात कायम घेणाराच राहावा, असं प्रभूला वाटत नाही.

आपणही जूनमध्ये वह्या वाटतो, फोटो काढतो. चांगलंच आहे. पण त्या मुलीला नेमकं काय हवंय, एसटीचा पास की संध्याकाळी अभ्यासाला जागा, हे आपण विचारतो का? आणि उद्या तीही कुणाला देईल, अशी वाट तिच्यासाठी ठेवतो का?

आज एका घरी जा. काही देण्याआधी बसा, ऐका.

प्रार्थना : हे प्रभू, हिशेबाआधी आम्हांला डोळे दे. आमचं थोडकं तू हाती घे, आणि ज्यांना आम्ही देतो त्यांनाही देणारे कर. आमेन.