कार्य, साधी यंत्रे आणि उष्णता : हमालाच्या पाठीवरील पोत्याचे गणित



भौतिकशास्त्राचे काही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातील असतात आणि तीच मोठी अडचण होते. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द घरात कोणी वापरत नाही, म्हणून तो शिकताना गोंधळ होत नाही. 'कार्य', 'शक्ती', 'उष्णता' हे शब्द मात्र आपण जन्मापासून वापरत आलो आहोत. त्यामुळे विज्ञानातील त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असा समज होतो आणि परीक्षेत गुण जातात. प्रस्तुत लेखात सहावी ते दहावीच्या अभ्यासक्रमातील साधी यंत्रे, कार्य आणि उष्णता हे तिन्ही विषय एकाच धाग्यात ओवण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे. उदाहरणे कामोठे, कळंबोली, पनवेल या आपल्याच परिसरातून आणि त्याच्या आसपासची घेतली आहेत.

प्रथम व्याख्या. वस्तूवर बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तूचे विस्थापन झाले, तर कार्य झाले असे म्हणतात. बल गुणिले बलाच्या दिशेतील विस्थापन म्हणजे कार्य. बल न्यूटनमध्ये आणि विस्थापन मीटरमध्ये घेतले की कार्य ज्यूलमध्ये मिळते. 'बलाच्या दिशेने' हे दोन शब्द व्याख्येचा प्राण आहेत. ते गाळले तर पुढचे सगळे चुकते.

आता वाशीच्या धान्यबाजारातील माथाडी कामगार डोळ्यांसमोर आणा. पाठीवर ५० किलोचे पोते आहे आणि तो सपाट जमिनीवरून समान वेगाने ५० मीटर चालत गेला. पोत्यावर त्याने लावलेले बल वरच्या दिशेने, विस्थापन आडव्या दिशेने, दोहोंमधील कोन ९० अंश. म्हणून गुरुत्वाच्या विरुद्ध झालेले कार्य शून्य!

अभ्यासवर्गात हे उदाहरण सांगितले की मुले हसतात. पण ज्यांच्या घरात कोणी हमाली केली आहे ती मुले हसत नाहीत. त्यांच्या मनात एक सरळ प्रश्न असतो : कार्य शून्य, तर मग बाबांना मजुरी कशाची मिळते? रात्री पाठ कशाने दुखते? हा प्रश्न टाळून पुढचा धडा घेणे आम्हांस योग्य वाटत नाही. कारण या प्रश्नाच्या उत्तरातच भौतिकशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम दडलेला आहे.

उत्तर असे. व्याख्येतील 'शून्य' हे पोत्याबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. चालताना पोत्याची ऊर्जा वाढली नाही, एवढेच ते सांगते. पोते टेबलावर ठेवले तर टेबल त्याला दिवसभर तोलून धरते आणि त्याला काहीच खर्च येत नाही. माणसाचा स्नायू टेबलासारखा नाही. ओझे नुसते तोलून धरण्यासाठीही स्नायूंतील तंतू पुन्हा पुन्हा आकसत राहतात, अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे कार्य शून्य असले तरी ऊर्जेचा खर्च शून्य नाही. श्रम आणि कार्य या दोन वेगळ्या राशी आहेत आणि मजुरी श्रमाची असते.

आता चढाचा हिशोब करू. पोत्याचे वजन ५० गुणिले ९.८ म्हणजे ४९० न्यूटन. ट्रकचा फाळका जमिनीपासून १.२ मीटर उंच धरला, तर पोते वर चढविण्याचे कार्य ४९० गुणिले १.२ म्हणजे ५८८ ज्यूल. पण हमाल फळीवरून चढतो तेव्हा केवळ पोते वर जात नाही, तोही जातो! त्याचे वस्तुमान ६० किलो धरा. मग ११० किलो १.२ मीटर वर गेले. कार्य सुमारे १,२९४ ज्यूल. त्यातला निम्म्याहून अधिक भाग स्वतःचा देह वर नेण्यात गेला आणि व्यापाऱ्याच्या हिशोबात तो कुठेच येत नाही.

अशी १०० पोती चढविली तर सुमारे १,२९,००० ज्यूल, म्हणजे जवळजवळ ३१ किलोकॅलरी. हा आकडा फारच लहान वाटेल. पण स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्के असते. म्हणजे ३१ किलोकॅलरी कार्यासाठी शरीर १२४ किलोकॅलरी खर्च करते आणि उरलेल्या ९३ किलोकॅलरींची उष्णता होते. शिवाय हा केवळ चढण्याचा हिशोब झाला. तोलून धरणे, चालणे, रिकाम्या हाताने परत येणे हे वेगळेच.

येथे साध्या यंत्रांचा विषय येतो. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र, चाक आणि आस, यांपैकी एकही यंत्र कार्य कमी करीत नाही. ती बल कमी करतात आणि त्याची किंमत अंतराने वसूल करतात. हाच परीक्षेतला हमखास प्रश्न आहे. पोत्याऐवजी ५० किलोचे पिंप घ्या आणि ४.८ मीटर लांबीच्या फळीवरून ते लोटत वर न्या. घर्षण नाही असे मानले तर बल ४९० चा चौथा हिस्सा, म्हणजे १२२.५ न्यूटन लागेल, पण अंतर चौपट झाले. १२२.५ गुणिले ४.८ करून पाहा : पुन्हा ५८८ ज्यूलच.

पहारीचेही तसेच. दीड मीटर लांबीची पहार दगडाखाली घालून दगडापासून १५ सेंटीमीटरवर टेकू दिला, तर आपल्या बाजूची भुजा १३५ सेंटीमीटर होते आणि यांत्रिक फायदा ९ येतो. दगड १ सेंटीमीटर उचलायला हात ९ सेंटीमीटर खाली न्यावा लागतो. विहिरीवरची एकच स्थिर कप्पी मात्र बल मुळीच वाचवत नाही, दिशा तेवढी बदलते. वर ओढण्यापेक्षा खाली ओढणे सोपे, कारण तेथे शरीराचे वजन कामी येते. अडकित्ता, चिमटा, कात्री यांचे प्रकार पुस्तकात आहेतच. ते पाठ न करता टेकू कोठे आहे ते बोटाने दाखवून पाहावे.

आपल्या जवळची सर्वांत भव्य उतरण म्हणजे बोरघाट. १८६३ साली सुरू झालेल्या घाटातील लोहमार्गावर सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा ठेवला गेला. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. घर्षण सोडले तर गाडीच्या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतकेच बल पुरते. तरीही ते एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कर्जतला जादा इंजिने जोडतात. हा सौम्य चढ मिळविण्यासाठी बोगदे खोदावे लागले आणि ते मजुरांच्या हातांनी खोदले गेले. पाचर आणि पहार ही त्यांचीही यंत्रे होती.

आतापर्यंत आपण घर्षण बाजूस ठेवले. प्रत्यक्षात फळीवर १२२.५ न्यूटनपेक्षा जास्त बल लागते. हे जास्तीचे कार्य जाते कोठे? फळी आणि पिंप दोन्ही किंचित तापतात. कार्य नाहीसे होत नाही, त्याची उष्णता होते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात वजने खाली सोडून त्यांच्या जोराने पाण्यात वल्ही फिरविली, पाणी किती तापते ते मोजले आणि दोहोंचे प्रमाण काढले. १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल.

हे प्रमाण घेऊन पुन्हा घाटात जाऊ, या वेळी रस्त्याने. कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. समजा, १६ टनांचा ट्रक घाटात ५०० मीटर उंची उतरून खाली आला. १६,००० गुणिले ९.८ गुणिले ५०० म्हणजे ७ कोटी ८४ लक्ष ज्यूल. चालकाने वेग वाढू दिला नाही, तर ही सारी ऊर्जा उष्णतेतच जाणार. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे २६७ लिटर पाणी उकळीला येईल! ती एकट्या ब्रेकमध्ये साठली तर ब्रेक तापून त्यांची पकड जाते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर ठेवतात. मग बराचसा भार इंजिन घेते. गिअर काढून, डिझेल वाचवीत उतरणारा चालक या गणिताशी जुगार खेळत असतो.

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे तीन रीतींनी जाते. वहन : कळंबोलीच्या लोखंड बाजारात उन्हात पडलेली सळई आणि तिच्याशेजारची लाकडी फळी यांना हात लावा. सळई अधिक चटका देते, कारण लोखंड आपली उष्णता हाताला झपाट्याने देते. पहाटे तीच सळई अधिक गार लागते, कारण आता ती हातातली उष्णता ओढून घेते. अभिसरण : दुपारी जमीन खाडीच्या पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि खाडीकडून खारे वारे येतात. रात्री उलटे, मतलई वारे. प्रारण : पत्र्याच्या घरात दुपारी डोक्यावर जी धग जाणवते ती मुख्यतः प्रारणाची. गरम हवा तर वरच राहते, तिला खाली यायचे कारण नाही. म्हणून पंख्यापेक्षा पत्र्यावर बाहेरून दिलेला चुन्याचा पांढरा हात अधिक उपयोगी पडतो. ऊन परावर्तित होते आणि पत्रा मुळात कमी तापतो. दहावीचा अभ्यास अशा घरात करणाऱ्यांनी सुट्टीत हे जरूर करावे.

हमालाच्या शरीरातील त्या ९३ किलोकॅलरींचे काय होते, ते आता सांगता येईल. हवा शरीराइतकीच तापलेली असेल तर वहन आणि अभिसरण जवळजवळ निरुपयोगी होतात. उरतो घाम. १ लिटर घामाचे बाष्प होताना त्वचेवरून सुमारे ५८० किलोकॅलरी निघून जातात. म्हणजे ९३ किलोकॅलरी घालवायला १६० मिलीलिटर, पेलाभर घाम सुकावा लागतो. 'सुकावा' हा शब्द महत्त्वाचा. ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला गार करीत नाही. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तो सुकत नाही, म्हणून तितक्याच कामाला नागपूरच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त पाणी जाते आणि अंग तरीही तापलेलेच राहते.

ओझ्याला मर्यादा का हवी, हे यावरून कळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींचा लढा होता.

सरावासाठी एक उदाहरण देत आहोत. ४० किलोची सिमेंटची गोणी तिसऱ्या मजल्यावर, ९ मीटर उंच, न्यायची आहे. कामगाराचे वस्तुमान ५५ किलो. तो जिन्याने गोणी नेतो तेव्हा एकूण कार्य किती आणि स्थिर कप्पीने खालून ओढतो तेव्हा किती, ते काढा. पहिले उत्तर ८,३७९ ज्यूल आणि दुसरे ३,५२८ ज्यूल यावे. कप्पी बल वाचवत नाही असे आपण वर म्हटले, मग हा फरक कोठून आला, ते दोन ओळींत लिहा.