किनाऱ्याची नोंद : आपल्या पंचायतीसाठी आणि आपल्यासाठी एक पाठ



ग्रामसभेचा रविवार जवळ आला की आमच्या संस्थेच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पंच काय कामाचे? आमचं ऐकतो कोण?" आज आपण हा प्रश्न दुसऱ्या बाजूने बघू. पंचाच्या खुर्चीवर जो माणूस बसतो, त्याच्या हातात आपल्या धंद्याची कोणती माहिती असते? बहुतेक गावांत उत्तर एकच : काहीच नाही. तो कदाचित शेतकऱ्याचा मुलगा असेल, दुकानदार असेल, हॉटेलवाला असेल. होडी कुठे लागते, रापण कुठे ओढतात, जाळी कुठे सुकतात, हे त्याला कोणी लिहून दिलेलं नसतं. आणि कागदावर नाही ते सरकारदरबारी नाहीच, असं धरलं जातं.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी होड्या वर काढायच्या जागेच्या वाटेवर कोणीतरी कुंपण घातलं. आम्ही चाळीसेक जण तावातावाने ग्रामसभेला गेलो. आरडाओरडा झाला. शेवटी सचिवांनी शांतपणे विचारलं, "सर्वे नंबर किती?" कोणालाच ठाऊक नव्हतं. "बरं, होड्या किती लागतात तिथे?" एक म्हणाला बारा, दुसरा म्हणाला वीस. "वाट किती रुंद होती?" आमचे वयस्क तांडेल म्हणाले, "बाबा, आजोबापासून त्याच वाटेनं येतो, तिला मापायची कधी?" ठराव झाला नाही. पुढच्या बैठकीत पाहू, म्हणाले. आम्ही शिव्या देत घरी आलो. पण रात्री बसून विचार केला तेव्हा कळलं, त्या तीन प्रश्नांत चुकीचं काही नव्हतं. उत्तरं आमच्याकडे नव्हती.

तेव्हापासून जे शिकलो ते या पाठात देत आहोत.

१. कोणाकडे काय मागायचं?

आधी हे पक्कं करूया, कारण चुकीच्या दारावर ठोठावण्यातच आपली निम्मी ताकद जाते.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, इथपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. त्यापलीकडे केंद्राची. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी, ट्रॉलरवर कारवाई, एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी (केंद्राने ती २०१७ मध्ये बंद केली आहे), हे विषय मत्स्योद्योग खातं, किनारी पोलीस आणि तटरक्षक दलाचे. सरपंच भर समुद्रात जाऊन ट्रॉलर अडवू शकत नाही. त्यासाठी ग्रामसभेत दोन तास भांडून उपयोग नाही. एक ठराव घ्या, खात्याला पाठवा, पोच ठेवा.

पण जाळं किनाऱ्याला लागलं की चित्र बदलतं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवण्यासारखे २९ विषय तिच्यात आहेत आणि पाचवा विषय आहे मत्स्यव्यवसाय. मासळी बाजार, तिथलं पाणी, सांडपाणी, कचरा, दिवे, शौचालय, किनाऱ्याकडे जाणारी वाट, बांधकामाचा परवाना, हे सगळं पंचायतीच्या दारातलं. दर्या मोठा आहे, पण आपल्या धंद्याचा निम्मा भाग वाळूवर होतो हे विसरू नका.

२. नकाशा : सगळ्यात मोठा धोका आणि सगळ्यात मोठी संधी

सीआरझेड हा शब्द ऐकला की आपले लोक म्हणतात, "तो घर दुरुस्त करू देत नाही तो कायदा." त्यात आपल्या बाजूचंही काही आहे, ते मात्र कोणी वाचत नाही.

६ जानेवारी २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी खास भाग आहे. त्यात म्हटलं आहे की सरकारने मासेमारी गावं अधिसूचित करावीत आणि अशा गावांत पारंपरिक मासळी प्रक्रियेची जागा, होडी बांधण्या-दुरुस्तीची जागा, जाळी शिवायची जागा, बर्फ कारखाना, लिलावाची शेड, जेटी अशा सोयींना ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. पुन्हा वाचा : ग्रामपंचायत. मच्छिमारांसह स्थानिक लोकांच्या घरांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यालाही त्यात वाट आहे. वाळूच्या टेकड्या आणि खाजन जमिनी मोजून नकाशावर दाखवायच्या, असंही त्यात आहे.

आता दुसरी बाजू. १८ जानेवारी २०१९ ला नवी अधिसूचना आली. राज्याचा नवा किनारी आराखडा मंजूर झाला की ती त्या राज्यात लागू होते. तिच्यात गावठाणी किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर येतो. कमी वस्तीच्या गावात तो २०० मीटरच राहतो.

याचा अर्थ साध्या भाषेत असा : दाट वस्तीच्या गावात १५० मीटरचा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ शकतो. आपली जाळी कुठे सुकतात? पावसाळ्यात होड्या कुठे वर काढून झाकतो? बायका खारं कुठे वाळत घालतात? बहुतेक ठिकाणी याच पट्ट्यात. त्या जागेवर आपली नोंद नसेल, तर नकाशा बघणाऱ्याला ती 'मोकळी जागा' दिसणार. मोकळ्या जागेला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा : त्याचं प्रमाण. आराखड्याचा मोठा नकाशा १:२५,००० चा असतो, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर. त्यावर १० मीटर रुंदीची आपली होडीची वाट अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ती दिसणारच नाही. सर्वे नंबर दाखवणारा स्थानिक नकाशा साधारण १:४००० चा असतो. त्यावर तीच वाट अडीच मिलिमीटर होते, पेन्सिलीने खूण करता येते. म्हणून पंचायतीत जाऊन नुसतं "आराखडा दाखवा" म्हणू नका. "सर्वे नंबरवाला स्थानिक नकाशा दाखवा" म्हणा.

२०११ च्या अधिसूचनेवरचा गोव्याचा आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडलं. अकरा वर्षं. या काळात सुनावण्या झाल्या, हरकती मागवल्या गेल्या. पुढच्या आराखड्यालाही असंच होईल. हरकतीची मुदत जाहीर झाल्यावर मोजमाप करायला धावलात तर वेळ पुरणार नाही. कागद आधी तयार हवेत.

३. पैसा : योजना कधी बनते ते ओळखा

प्रत्येक पंचायत दरवर्षी विकास आराखडा करते. पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी असतात. यात ऑक्टोबरची सभा आपण बऱ्याचदा चुकवतो, कारण तेव्हा हंगाम जोरात असतो, बांगडा लागलेला असतो. तिथेच चुकतं. घरातला एक माणूस होडीवर गेला तर दुसऱ्याने सभेला जावं. मासळी विकणाऱ्या बायकांनी तर जावंच, कारण बाजाराचे हाल त्यांच्याइतके कोणाला माहीत नाहीत.

काय मागायचं? मोघम "विकास करा" नको. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला, ४० टक्के अबंधित ठेवला. हा हिशोब समजला की मागणी कशी मांडायची ते समजतं. "मासळी बाजार सुधारा" म्हटलं की उत्तर येतं, पैसे नाहीत. "बाजारात बायकांसाठी शौचालय, मासळी धुण्याचं पाणी, सांडपाण्याची गटार आणि मासळीच्या कचऱ्याची व्यवस्था" असं म्हटलं तर तीच मागणी पाणी-स्वच्छतेच्या निधीत बसते. निधीची वाटणी आयोगागणिक बदलते, म्हणून सभेत पहिला प्रश्न विचारा : "यंदा बंधित किती, अबंधित किती?" मंजूर कामं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. घरातल्या शिकलेल्या पोरांना हे काम द्या.

४. यादी : वादळाआधीची आणि वादळानंतरची

१६ मे २०२१ चं तौक्ते वादळ आपण विसरलेलो नाही. अशा वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा विचारतो : काय होतं, किती होतं, कोणाचं होतं? मोडलेली होडी दाखवता येते. वाहून गेलेलं जाळं कसं दाखवणार? त्यासाठी आधीची यादी आणि आधीचे फोटो लागतात.

दर वाड्याची एक वही करा : होडीचा नोंदणी क्रमांक, मालक, इंजिन, जाळ्यांचे प्रकार, होडीवर काम करणारी माणसं, घरच्यांचा फोन. परराज्यातून आलेल्या खलाशांची नावं आणि त्यांच्या गावचा फोनसुद्धा त्यात हवा. माणूस बुडाला आणि त्याच्या घरी कळवायला नंबर नाही, अशी वेळ कोणावर येऊ नये. वहीची एक प्रत पंचायतीत द्या. पंच पाच वर्षांनी बदलतो, वही राहते.

विम्यालाही हीच यादी लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघाती इस्पितळ खर्चाला २५ हजारांपर्यंत अशी तरतूद ठेवली. हप्ता सरकार भरतं, आपल्या खिशातून काही नाही. पण यादीत नाव नसेल तर फुकटचा विमाही मिळत नाही. पंचांना एवढंच सांगा : मत्स्योद्योग खात्याकडे गेलेल्या नावांशी आपल्या वाड्याची वही वर्षातून एकदा ताडून बघा.

हैदराबादची इन्कॉईस ही केंद्रीय संस्था उंच लाटा आणि समुद्राच्या उधाणाचे इशारे देते. ते पंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटात त्याच दिवशी यायला हवेत. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हा क्रमांक होडीवर रंगाने लिहून ठेवा.

५. आणखी एक वही, जिच्याकडे कोणी बघत नाही

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि गावाची जैवविविधता नोंदवही करायची असते. तिसऱ्या कुठे मिळतात, खुबे कुठे, खाडीत कोणत्या महिन्यात कोणती मासळी चढते, मानशीवर काय सापडतं, कासव कुठे येतं, ही माहिती आपल्या आई-आजीला तोंडपाठ आहे. ती वहीत उतरली तर उद्या खाडीत भराव किंवा घाण आली, तेव्हा "इथे काय होतं?" या प्रश्नाला उत्तर सापडेल. समितीत मच्छिमार आणि मासळी विकणारी बाई असावी, असा आग्रह धरा.

पुढच्या ग्रामसभेआधीचा गृहपाठ

एक, टेप घेऊन होडीची वाट, रापण ओढायची जागा, जाळी सुकवायची जागा मोजा. तारखेसह फोटो काढा.

दोन, त्या जागांचे सर्वे नंबर शोधा, एक-चौदाचे उतारे काढा. जमीन सरकारची, कोमुनिदादची की खासगी, ते लिहून ठेवा.

तीन, वाड्याची वही पूर्ण करा.

चार, एकाच पानाचा अर्ज लिहा. एका अर्जात एकच मागणी. सभेच्या आधी द्या आणि पोच घ्या.

पाच, ठराव झाला की त्याची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस.

आमच्या त्या कुंपणाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पुढच्या सभेला आम्ही सहाच जण गेलो. सर्वे नंबर होता, होड्या चौदा होत्या, वाट साडेचार मीटर होती. ठराव दहा मिनिटांत झाला आणि वाट पंचायतीच्या दप्तरात चढली. कुंपणाचा निकाल अजून लागायचा आहे. पण आता समोरचा "इथे वाट नव्हतीच" असं म्हणू शकत नाही. आमचे तांडेल मध्यंतरी वारले. त्या ठरावाला जोडलेल्या कागदावर त्यांचा अंगठा आहे आणि त्यांनी दाखवलेल्या खुणा आहेत. त्या त्यांच्याबरोबर गेल्या असत्या, तर आम्ही आज कोणाला विचारलं असतं?

तुमच्या वाड्यावरही असं एखादं म्हातारं माणूस असेल. या आठवड्यात त्यांना घेऊन किनाऱ्यावर जा, सोबत वही-पेन घ्या. आणि हा पाठ आपल्या पंचांना जरूर पाठवा. त्यांना नावं ठेवायला नव्हे, त्यांच्या हातात माहिती द्यायला.