तूस, माती आणि छिद्रे

प्रश्न: नवापूरकडे भाताचे तूस भरपूर मिळते. त्यापासून पाणी गाळायची मातीची चकती करता येईल का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर: येईल, कंबोडियात गाळणीची मातीची भांडी तुसावरच बनतात. पण तूस स्वतः गाळत नाही, ते जळून मागे छिद्र सोडते. त्यासाठी माती-तुसाचे मिश्रण सुमारे 850 ते 900 अंशांवर भाजावे लागते. कोणी म्हणेल, तूस वाढवा, पाणी भराभर झिरपेल. झिरपेलही, पण चकती ठिसूळ होईल, जंतूही सुटतील. फार तापवली तर छिद्रेच मिटतात, आणि उघड्या आव्यात आच सगळीकडे सारखी नसते, खरी मेख तिथेच. विषाणू या छिद्रांहून कितीतरी लहान. त्यांच्यासाठी चकतीवर अधिक बारीक छिद्रांचा पातळ थर हवा, चकती फक्त त्याचा आधार. विरघळलेले फ्लोराइड मात्र ती अडवत नाही, म्हणून विंधनविहिरीचे पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.