गटाबरोबर सायकल चालवताना मागे का पडतो?



रविवारी पहाटे बेळगावहून चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या रस्त्याने सायकलस्वारांचे गट जाताना दिसतात. वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथेही असे गट आहेत. त्यांत कॉलेजातली मुले असतात, गृहिणी असतात, पन्नाशी ओलांडलेले नोकरदार असतात. पहिले पाच किलोमीटर सगळे गप्पा मारीत एकत्र जातात. मग चढ लागतो, वारा सुटतो, आणि एकजण हळूहळू मागे पडतो. दोन-तीन रविवार असेच झाले की तो म्हणतो, "आपल्यात तेवढा दम नाही," आणि सायकल माळ्यावर जाते.

मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी वाढत असताना एवढा चांगला व्यायाम केवळ मागे पडण्याच्या लाजेपोटी सुटावा, हे मोठे नुकसान आहे. पुष्कळदा दोष दमाचा नसतोच. मागे पडण्याची कारणे एकेक करून पाहू.

१. वाऱ्याचा हिशेब

सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेलो की आपली निम्म्याहून अधिक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे २० ऐवजी २५ च्या वेगाने जायचे तर हवेसाठी लागणारी ताकद सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट होते. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर २० ने जाणाऱ्याला हवा ३० च्या वेगासारखी अडवते.

याच कारणाने दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याचे श्रम वाचतात. पुढच्या सायकलच्या अगदी जवळ राहिले तर हवेचा विरोध पाव ते एक तृतीयांशाने कमी होतो. आता गंमत पाहा. जो अशक्त असतो तो संकोचाने सर्वांच्या मागे, वीस-तीस हात अंतर ठेवून चालवतो. त्याला आडोसा मिळत नाही. सर्वांत कमी ताकदीचा माणूस एकटा वाऱ्याशी झुंजतो. शिवाय वळणावर पुढचे थोडे मंदावतात आणि पुन्हा वेग घेतात. तो धक्का शेवटच्याला सर्वांत जास्त बसतो, कारण पडलेले अंतर त्याला दर वेळी धावून भरून काढावे लागते.

म्हणून नवख्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी राहावे. सुरुवातीला एका सायकलच्या लांबीइतके अंतर ठेवावे. तेवढ्यानेही बराच फायदा होतो. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवू नये. तो जरा वळला तर पडतो तो मागचाच.

चढावर मात्र वेग कमी असल्यामुळे आडोशाचा उपयोग थोडा, तेथे वजन बोलते. घाटाच्या पायथ्याशी गटाच्या पुढे असावे. मग चढताना चार जणांनी ओलांडले तरी आपण गटातच राहतो.

२. सायकल तपासा

माणसाला दोष देण्याआधी सायकल पाहावी. चाक उचलून हाताने फिरवा. ते लगेच थांबले तर ब्रेकचे रबर रिमला घासते आहे किंवा बेअरिंगला ग्रीस हवे आहे. चेन कोरडी, गंजकी असेल तर ती पुसून तेलाचे थेंब द्या आणि वरचे तेल पुन्हा पुसा. हवा किती भरायची हा आकडा टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. अंगठ्याने दाबून अंदाज करण्यापेक्षा मीटरच्या पंपाने भरणे बरे.

वजनाचाही विचार करा. ६५ किलोचा माणूस २० किलोच्या जुन्या काळ्या सायकलवर बसला तर चढावर एकूण ८५ किलो वर न्यावे लागतात. शेजारच्याची सायकल १० किलोची असेल तर त्याचे ७५ होतात. तेवढ्याच वेगाने चढायला पहिल्याला सुमारे १३ टक्के जास्त काम पडते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे साधे गणित आहे.

३. सीट आणि पायडल

आपल्याकडे बहुतेकांची सीट खाली असते, कारण पाय जमिनीला टेकावा असे वाटते. त्यामुळे मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघ्याची वाटी दुखते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. नंतर चवडा पायडलवर ठेवून चालवले की गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो.

गिअरची सायकल असेल तर जड गिअर रेटू नका. हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ७० ते ८० फेरे सहज फिरवले तर पाय उशिरा थकतात. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करावा.

४. पोटातली शिदोरी

रिकाम्या पोटी चहा पिऊन निघणारा तासा-दीड तासाने गळून जातो. निघण्यापूर्वी पोहे, भाकरी किंवा उपमा खावा आणि मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. तासाभरापेक्षा जास्त जायचे असेल तर दर तासाला एक-दोन केळी, चिक्की किंवा खजूर खावा, आणि तोही भूक लागण्याआधी. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटघोट प्यावे. तीन-चार तास घाम गाळायचा असेल तर पाण्यात साखर व किंचित मीठ हवे. नुसते पाणी ढसाढसा पिणेही शरीराला बाधते.

५. सराव

आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम ५० किलोमीटर केले तर दम वाढत नाही, फक्त अंग दुखते. आठवड्यातून तीन वेळा चालवावे. दोन वेळा इतक्या हळू की सलग वाक्य बोलता यावे. एकदा छोटा चढ तीन-चार वेळा चढावा. एकूण अंतर दर आठवड्याला थोडेथोडेच वाढवावे. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

६. शरीराचा इशारा ओळखा

छातीत आवळल्यासारखे होणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम फुटून मळमळणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबा. गटाला कळवा आणि १०८ ला फोन करा. "थोडे पुढे जाऊन बघतो" असे म्हणू नका.

सराव नियमित असूनही दम पूर्वीपेक्षा कमी पडत असेल तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो पंडुरोग होय. तो आपल्या स्त्रियांत फार आढळतो आणि "अशक्तपणा" म्हणून अंगावर काढला जातो. डेंग्यू, चिकुनगुनियासारख्या तापानंतर घाई करू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती मुद्दाम कमी ठेवतात. अशा माणसाने इतरांच्या वेगाशी स्पर्धा करू नये आणि गोळी मनाने बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावे.

७. पुढे असणाऱ्यांचे कर्तव्य

आता दोन शब्द सशक्तांसाठी. घाटमाथ्यावर पोचलेले पंधरा मिनिटे विश्रांती घेतात, पाणी पितात, फोटो काढतात. शेवटचा धापा टाकत येतो आणि त्याला पाहताच सगळे म्हणतात, "चला, आला!" ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. शेवटचा आल्यावर निदान दहा मिनिटे थांबायचे, असा नियम प्रत्येक गटाने करावा. एका अनुभवी माणसाने नेहमी शेवटच्याबरोबर राहावे. सपाटीवर बलवानांनी पुढे राहून वारा झेलावा.

वेगालाच सर्व काही समजू नये. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची 'ब्रेव्हे' नावाची फेरी आपल्या देशातही होते. तीत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी राखली तरी ती पुरी होते, आणि कोण कितवा आला हे तेथे मोजत नाहीत. फ्रान्समध्ये १९०३ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध शर्यतीत सर्वांत शेवटच्या स्वाराला आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरील दिव्यावरून 'लाल कंदील' म्हणतात. लोक त्याच्यासाठीही रस्त्यावर थांबून टाळ्या वाजवतात, कारण वाटेत सोडून गेलेले पुष्कळ असतात आणि तो मात्र शेवटपर्यंत आलेला असतो.

तेव्हा सायकल माळ्यावर टाकली असेल तर ती खाली काढा. येत्या शनिवारी सीट, हवा आणि चेन पाहा, आणि रविवारी तिसऱ्या जागी राहून चालवून बघा.