देवाच्या घरातील सामानसुमान

वाचनपाठ : निर्गम ३१:१-११, २ राजे ४:८-१०

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शूनेम गावच्या एका स्त्रीची हकीकत आली आहे. अलीशा संदेष्टा वरचेवर आपल्या दारावरून जातो हे पाहून तिने पतीला सुचवले, की माडीवर एक लहानशी खोली बांधावी व त्या देवमाणसासाठी तिथे चार वस्तू ठेवाव्यात : पलंग, मेज, आसन आणि दिवा. ती स्त्री सधन होती. मनात आणते तर ती खोली गालिचांनी सजवू शकली असती. परंतु संदेष्ट्याला निजण्यास, लिहिण्या-जेवण्यास, बसण्यास आणि वाचण्यास जे हवे तेवढेच तिने ठेवले.

याउलट निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारताना देव स्वतः बसालेल व अहलियाब या कारागिरांना निवडतो आणि सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांवर काम करण्याचे कसब त्यांना देतो. तिथे काटकसर नाही. हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले म्हणजे ख्रिस्तसभेची जुनी रीत ध्यानात येते : उपासनेसाठी उत्तम ते द्यावे आणि सेवकासाठी पुरेसे ते ठेवावे. गेल्या शंभर वर्षांत आपली चर्चे आणि धर्मगुरूंची घरे कशी सजली, कशी बदलली आणि त्यात काय हरवले, याचा विचार या कसोटीवर करू या.

नजरबादजवळचे एक मंदिर

म्हैसूरची सहल करणारे आपले लोक राजवाडा व चामुंडी टेकडी पाहून झाल्यावर बहुधा संत फिलोमिनाच्या कॅथीड्रलकडे वळतात. नजरबादपासून जवळच, लष्कर मोहल्ल्याच्या बाजूस, त्याचे सुमारे १७५ फूट उंचीचे दोन मनोरे दुरून दिसतात. या जागी १८४३ मध्ये बांधलेले लहान चर्च होते. १९२६ मध्ये महाराजांच्या दरबारातील अधिकारी टी. थंबू चेट्टी यांनी पोपप्रतिनिधी पिसानी यांच्याकडून संत फिलोमिनाचा पवित्र अवशेष मिळविला आणि त्यासाठी साजेसे मंदिर असावे ही इच्छा बळावली. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. एका हिंदू राजाने ख्रिस्ती मंदिरास दिलेला हा हातभार आपण कृतज्ञतेने आठवला पाहिजे.

त्या काळी या मिशनची धुरा पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेच्या धर्मगुरूंकडे होती. त्यामुळे मूर्ती व रंगीत काचा फ्रान्सहून आल्या यात नवल नाही. ख्रिस्तजन्म, शेवटचे भोजन, क्रुसावरील मरण व पुनरुत्थान हे प्रसंग त्या काचांतून दिसतात. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही उन्हाच्या तिरिपेत शुभवर्तमान वाचता यावे, हा त्यांचा हेतू. संगमरवरी वेदीखालील तळघरात संतेची निजलेली मूर्ती आहे.

इथे एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. फिलोमिनाच्या जीवनाविषयी इतिहासाचा भक्कम आधार नसल्याने फेब्रुवारी १९६१ मध्ये रोमच्या उपासनाविषयक मंडळाने तिचा सण दिनदर्शिकेतून काढून टाकण्यास सांगितले. परंतु खासगी भक्तीवर बंदी घातली नाही. म्हैसूरकरांनी मूर्ती फोडली नाही की अडगळीत टाकली नाही. आज्ञा कुठवर आहे हे नीट वाचले, म्हणजे अकारण नासधूस टळते.

विश्वपरिषदेनंतरची उलथापालथ

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. लोकांनी मिस्साबलीत जाणतेपणाने व सक्रिय सहभागी व्हावे हा त्याचा गाभा. पुढे १९६४ च्या सूचनापत्राने म्हटले, की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणे श्रेयस्कर. म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल व लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल. उंच प्रवचनपीठाची जागा लोकांजवळच्या वाचनपीठाने घेतली. ख्रिस्तशरीर स्वीकारताना जिथे गुडघे टेकत असत ते कठडे अनेक ठिकाणी निघाले. हा बदल हितकारक होता. ज्यांनी धर्मगुरूंची पाठच पाहिली होती त्यांना वेदीवर काय घडते ते प्रथमच दिसले.

परंतु त्याच दस्तऐवजात बिशपांना असेही बजावले होते, की देवाच्या घराला शोभा देणारे मौल्यवान सामान विकले वा विखुरले जाऊ नये यावर बारकाईने लक्ष ठेवावे. हे वाक्य फारसे कोणी वाचले नाही. सत्तरच्या दशकात आमच्या धर्मग्रामातील सागवानी वेदीचे काय झाले ते मी लहानपणी पाहिले आहे. द्राक्षवेल आणि गव्हाची कणसे कोरलेली ती वेदी होती. करवत चालविताना गावच्या सुताराचा हात थबकला. “रोमचा हुकूम आहे,” असे त्याला सांगण्यात आले. तिच्या फळ्यांतून शाळेची दोन कपाटे झाली. माझी आजी त्या रविवारी चर्चमध्ये सर्वांत मागे बसली आणि कोणाशीही बोलली नाही. तिच्या वडिलांनी त्या वेदीसाठी दोन हंगामांचे धान्य दिले होते. तिला कोणी विचारले नव्हते.

तसा हुकूम नव्हताच. उलट, रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत आज स्पष्ट म्हटले आहे, की जुनी वेदी कलामूल्याला धक्का न लावता हलविता येत नसेल, तर तिच्यापुढे दुसरी स्थिर वेदी उभारावी व विधी तिथे करावेत. जुनी वेदी मागे राहू द्यावी. फक्त लक्ष विचलित होईल अशी तिची विशेष सजावट करू नये.

नजरबादचा इतिहास इथे आठवतो. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड नजरबादच्या नव्या किल्ल्यासाठी वाहून नेले. १७९९ मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर तेच दगड परत आणून म्हैसूरचा किल्ला पुन्हा बांधण्यात आला. दगड असे परत येतात. करवतीखाली गेलेली कणसे परत येत नाहीत.

भारतीय मातीतील मांडणी

परदेशी साचा सोडून आपल्या रीतीने देवघर मांडावे, ही त्या काळची दुसरी ओढ. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना संमती दिली. त्यानुसार पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे, हात जोडून वंदन करणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, साखळीच्या धूपदाणीऐवजी मुठीचे धूपपात्र, वेदीवरील चौकोनी वस्त्राऐवजी तबक व आरती यांना वाव मिळाला. या कार्यात बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे संस्थापक संचालक फादर डी. एस. अमलोरपवदास अग्रभागी होते. पुढे त्यांनी म्हैसूरलाच अंजली आश्रम स्थापन केला. १९९० मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

एकाच शहरात फ्रान्सच्या रंगीत काचांचे कॅथीड्रल आहे आणि भुईवर बसून प्रार्थना करण्याचा आश्रमही आहे. यांपैकी खरे ख्रिस्ती कोणते, असा वाद घालू नये. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथील वस्तू माणसाला वेदीकडे नेतात का? गोव्यात तर परदेशी व देशी हा भेदच टिकत नाही. १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेण्यास मनाई केली, तरी स्थानिक हातांचे कसब तिथल्या वेद्यांवर उमटलेच. चर्चमधून बाजूला पडलेल्या अशा अनेक वस्तू १९९४ मध्ये राशोल येथे सुरू झालेल्या व नंतर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात सांभाळल्या जात आहेत.

धर्मगुरूंचे घर

आता शूनेमच्या खोलीकडे परत येऊ. ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मगुरूंविषयीच्या आदेशपत्रात परिषदेने सांगितले, की धर्मगुरूचे घर कोणालाही बंद वाटू नये आणि अगदी दीनातल्या दीनालाही तिथे येण्याची भीती वाटू नये. सामानाची याहून चांगली कसोटी नाही. काही घरांत पाहुण्यांसाठी मऊ कोच असतो आणि शेतमजूर मात्र उंबऱ्याबाहेर उभा असतो. आमच्या भागातील वृद्ध सांगत, की पाटलाच्या वाड्यात ज्यांना जमिनीवरही दूर बसावे लागे, त्यांना फादरांनी खुर्ची पुढे करून “बसा” म्हटले. त्या एका शब्दाने शुभवर्तमान कळले. वेताची ती साधी खुर्ची प्रवचनाइतकीच बोलकी होती.

त्या घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे दप्तराचे कपाट. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या धर्मग्रामात ठेवणे आणि जुन्या वह्या जपणे धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे अन्य कुठे लिहिलेली नाहीत, त्यांचा वंश त्या पानांवर आहे. कपाट भिंतीपासून हातभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावे; पावसाळ्यानंतर वाळवी व कसर यांसाठी प्रत्येक वही उघडून पाहावी.

आपले कर्तव्य

धर्मसंहितेचे कलम १२८३ मालमत्तेची अचूक यादी करण्यास सांगते. कलम ११७१ आशीर्वादित वस्तूंचा हलक्या कामासाठी उपयोग करण्यास मना करते. आणि कलम १२९२ प्रमाणे कला वा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकण्यास रोमची अनुमती लागते. तेव्हा प्रत्येक वस्तूचे वर्णन, छायाचित्र, दात्याविषयीची माहिती व वृद्धांच्या आठवणी एका वहीत उतरवाव्यात. काही हलवावयाचे झाल्यास आधी धर्मग्रामाला विचारावे, मग जाणत्या कारागिराला, आणि करवत सर्वांत शेवटी.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या चर्चमधील कोणत्या वस्तूने आपल्याला प्रथम प्रार्थना शिकविली?

२. आपल्या धर्मग्रामात मौल्यवान सामानाची यादी आहे काय? ती अखेरची केव्हा तपासली?

३. आपल्या धर्मगुरूंच्या घरी सर्वांत गरीब कुटुंब आले, तर ते कुठे बसते?