नंबर फुकट मिळतो, टिकवावा लागतो

चि. भाच्यास,


बी.कॉम. झालं आणि चिखलीत टेबल टाकून जीएसटीची कामं घ्यायचं ठरलं, हे ताईकडून कळलं. बेत चांगला आहे. या कामाला सीएच असावं लागतं, हा आपल्याकडचा गैरसमज. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 48 आणि नियम 83 यांनुसार वाणिज्य, विधी किंवा व्यवसाय व्यवस्थापनाचा पदवीधर जीएसटी प्रॅक्टिशनर होऊ शकतो; अमरावती विद्यापीठाची पदवीही चालते. पोर्टलवर पीसीटी-01 अर्ज भरायचा. तपासणी झाली की पीसीटी-02 प्रमाणपत्र मिळतं. सरकारी फी शून्य, तेव्हा नंबर काढून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार.

अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचं विवरणपत्र भरणाऱ्याचा पीटिन क्रमांक दर 31 डिसेंबरला संपतो आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडचा क्रमांक रद्द होईपर्यंत चालतो. म्हणूनच नवी मुलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावतात आणि निवांत होतात. नियम 83क मात्र जुन्या कायद्याखाली विक्रीकर प्रॅक्टिशनर म्हणून आलेल्यांना नोंदणीपासून दोन वर्षांत परीक्षा पास व्हायला सांगतो; पदवीवर आलेल्याला ती लागू होते का, हे तपासून घ्यावं. ती नासिन ही केंद्राची अकादमी घेते: 100 प्रश्न, 200 गुण, अडीच तास, पासिंगला 100. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. परीक्षेच्या सूचनेवर लक्ष ठेवावं, ती कोणी घरी आणून देत नाही.

शिवाय कर सल्लागाराला स्वतःचा व्यवसाय कर असतोच: वर्षाला 2500 रुपये, 30 जूनच्या आत. लोकांचे कर भरणारा स्वतःचाच विसरतो, हे नेहमीचं.

आता खरं काम. खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला, तर कर शेतकरी भरत नाही, जिनिंगवाला भरतो. 15 नोव्हेंबर 2017 पासून हा आरसीएम, म्हणजे रिव्हर्स चार्ज, लागू आहे, दर 5 टक्के. दहा लाखांच्या कापसावर पन्नास हजार, तेही रोख खात्यातून. जमा क्रेडिट इथे वळवता येत नाही. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. हा क्रम ज्याला पाठ नाही, त्याने जिनिंगचं काम घेऊच नये.

आणि एक वाईट सवय. व्यापाऱ्याची नोंदणी करताना बरेच जण स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकतात. ओटीपीसाठी फोन करायला नको, एवढंच कारण. पण परताव्याचा अर्ज प्रॅक्टिशनरने केला, तर व्यापाऱ्याची संमती येईपर्यंत तो पुढे सरकत नाही. ही तपासणी व्यापाऱ्यासाठीच ठेवलेली आहे. संमतीचा मेसेज प्रॅक्टिशनरच्याच फोनवर आला, तर तपासलं कोणी? नोटिसाही त्याच्याच फोनवर पडून राहतात आणि व्यापाऱ्याला पत्ता नसतो. विवरणपत्रातल्या माहितीची जबाबदारी कायद्याने व्यापाऱ्याचीच आहे, म्हणून लॉगिन त्याचं, फोन त्याचा. प्रॅक्टिशनरने पीसीटी-05चं अधिकारपत्र घ्यावं आणि आपल्या लॉगिनमधून काम करावं. एखादं गिऱ्हाईक यावर कुरकुर करेल, दुसरीकडे जाईलही. जाऊ द्यावं.

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की मान वर करायला फुरसत मिळणार नाही. पीसीटी-01 त्याआधीच भरून टाक. पॅनवरचं आणि पदवीवरचं नाव जुळतं का, तेही बघ. नसेल जुळत, तर आधी पॅन दुरुस्त करून घे.

तुझा
मामा