रानाचें न मांडलेलें उत्पन्न

ज्या वस्तूस दाम मोजावा लागतो, तिचीच किंमत आपण ओळखतों. फुकट मिळणाऱ्याचा जमाखर्च कोणी ठेवीत नाहीं. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें असेंच झालें आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या रानाचें उत्पन्न म्हणजे दारावरील तिकिटांचे पैसे, असें पुष्कळांस वाटतें.

परंतु याच रानाच्या कुशींत १८६० सालीं पुरा झालेला विहार व १८७९ सालचा तुळशी हे तलाव आहेत. त्यांतून मुंबईस दररोज सुमारें १० कोटी लिटर पाणी मिळतें. शहराच्या एकंदर गरजेचा हा लहानसा अंश होय. तरी १०,००० लिटरांच्या टँकरानें तें आणावयाचें झाल्यास रोज १०,००० खेपा कराव्या लागतील! एखादी सेवा बंद पडल्यास दुसरी सोय करण्यास किती खर्च येईल, हें पाहणें ही तिची किंमत काढण्याची एक रीत आहे.

शिवाय झाडांचीं पानें पावसाचा मारा झेलतात आणि मुळें माती धरून ठेवितात. म्हणून तलाव गाळानें लवकर भरत नाहींत. डोंगर उघडे पडल्यास तो गाळ पैसे देऊन उपसावा लागेल. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठीकांठच्या वस्त्या बुडाल्या. एवढा पाऊस कोणत्याही रानास पुरता झेलवणार नाहीं. तथापि जमीन जितकी सिमेंटाखालीं जाईल, तितकें पाणी अधिक वेगानें वस्तींत शिरेल.

म्हणून झाडें तोडण्याचा प्रश्न निघेल, तेव्हां जमिनीच्या भावाशेजारीं हाही हिशेब मांडला पाहिजे.